आठवड्याच्या मेणबत्त्या

डिसेंबर जवळ आला की जर्मनीत घरोघरी टेबलावर हिरव्या फांद्यांचं कडं येतं आणि त्यात चार मेणबत्त्या. पहिल्या रविवारी एक पेटवायची, दुसऱ्या रविवारी दोन, असं करत नाताळपर्यंत चारही. आपल्या मराठी घरांतही हा आडव्हेंट-क्रान्झ आता चांगला रुळला आहे. ख्रिस्ती नसलेल्या घरांतसुद्धा, कारण मुलं किंडरगार्टनमध्ये तो करतात आणि मग घरी हट्ट धरतात. पण हे कडं मुळात असं नव्हतं.

हांबुर्गमध्ये योहान हिनरिश विशर्न नावाच्या पाद्रीसाहेबांनी १८३३ साली अनाथ आणि उनाड ठरलेल्या मुलांसाठी 'राउएस हाउस' नावाचं घर काढलं. डिसेंबर लागला की मुलं रोज विचारून भंडावून सोडायची, "नाताळ कधी? अजून किती दिवस?" तेव्हा १८३९ साली विशर्नसाहेबांनी एका जुन्या गाडीचं चाक घेतलं आणि त्यावर मेणबत्त्या बसवल्या. रविवारसाठी चार मोठ्या पांढऱ्या आणि मधल्या प्रत्येक दिवसासाठी एक छोटी लाल. रोज सगळ्यांनी जमायचं, प्रार्थना म्हणायची, गायचं आणि एक मेणबत्ती पेटवायची. मुलांना दिवस मोजता येऊ लागले आणि रोजची उपासनाही लागली.

पुढे ही चाल घराघरांत गेली. घरच्या टेबलावर दोन डझन मेणबत्त्या कुठल्या मावायला! मग छोट्या गेल्या आणि मोठ्या चार राहिल्या. सोय झाली खरी, पण रविवार तेवढे राहिले आणि आठवडा गेला. या अंकात आम्हाला बोलायचं आहे ते या गेलेल्या छोट्या मेणबत्त्यांबद्दल, म्हणजे श्रद्धेतल्या रोजच्या उद्योगाबद्दल.

पौलाने रोमच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात, बाराव्या अध्यायाच्या अकराव्या वचनात, तीन गोष्टी एका दमात सांगितल्या आहेत. कामात आळस नको, अंतःकरणात कढ हवा, आणि हे सगळं प्रभूची चाकरी म्हणून व्हावं. मूळ ग्रीकमध्ये 'उत्साही' या अर्थी जो शब्द आहे, त्याचा सरळ अर्थ 'उकळत असलेला' असा होतो. आपल्या बायाबापड्यांना हा शब्द लगेच कळेल. चुलीवर आधण ठेवलं आणि खालचा जाळ काढला तर ते काही क्षण खदखदतं, मग गप्प होतं, मग कोमट. आधण स्वतःच्या गुणाने उकळत नाही, त्याला खाली सतत काहीतरी लागतं. लाकडं आणणं, फुंकणं, राख काढणं हे कंटाळवाणं काम आहे. पण ते कुणीतरी केल्याशिवाय कढ येत नाही. पौलाने आळस आणि कढ एकाच वाक्यात का घातले, ते इथे उमगतं.

आता जर्मन स्वयंपाकघरातली गोष्ट घ्या. इथल्या विजेच्या शेगडीला 'रेस्टवेर्मं' नावाचा प्रकार असतो, म्हणजे उरलेली ऊब. बटण बंद केलं तरी काच तापलेली राहते आणि लाल दिवा लागलेला असतो. काटकसरी जर्मन बाई भात त्या उरलेल्या उबेवर शिजवून घेते. आपण परदेशी आलेली माणसं श्रद्धेच्या बाबतीत बरीच वर्षं अशाच उबेवर राहतो. नगरच्या, पुण्याच्या, वसईच्या घरी आईवडिलांनी जो जाळ घातला होता, त्याची ऊब आपल्याला वीस वर्षं पुरते. म्हणून आपल्याला वाटतं की सगळं ठीक चाललं आहे. मुलांना मात्र ती ऊब मिळालेली नसते. त्यांच्या वाट्याला बंद शेगडी येते.

हे काही केवळ आमच्यासारख्या मोजक्या मराठी ख्रिस्ती घरांपुरतं नाही. देवघरातली समई रोज लावणारे आजोबा गावी, आणि इथे फक्त गणपतीचे दहा दिवस, हे आपल्यातल्या कितीतरी घरांत दिसतं. आम्ही बोलणार ख्रिस्ती जीवनाबद्दल, कारण आम्हाला ते ठाऊक आहे. बाकीच्यांनी त्यातून आपल्या घरचं काढून घ्यावं.

कढ आणि उद्योग यांची जोड कशी असते ते पाहायचं तर दोन गावं पाहावीत. एक इथलं, जर्मनीतलं हाले, आणि दुसरं आपलं केडगाव. या दोन गावांमध्ये एक धागा आहे, आणि तो आम्हाला फार मोलाचा वाटतो.

हाले हे लाइपझिगच्या शेजारचं शहर. बर्लिनहून वेगवान गाडीने सव्वा तासाच्या आसपास लागतो. सतराव्या शतकाच्या शेवटी तिथल्या ग्लाउखा नावाच्या गरीब वस्तीत आउगुस्ट हेर्मान फ्रांके हे पाद्री होते. १६९५ साली ईस्टरच्या सुमारास त्यांच्या घरातल्या दानपेटीत कुणीतरी चार टालर आणि सोळा ग्रोशन टाकले. फ्रांकेंना ती रक्कम भरघोस वाटली. एवढ्यावर काहीतरी चांगलं काम उभं राहिलं पाहिजे, असं म्हणून त्यांनी पुस्तकं घेतली आणि गरीब मुलांची शाळा काढली. १६९८ साली अनाथाश्रमाच्या मोठ्या इमारतीचा पाया घातला. पुढे तिथे छापखाना आला, औषधालय आलं, ग्रंथालय आलं. १७१० साली गरिबांना परवडेल अशा किमतीत बायबल छापणारी संस्था तिथेच निघाली. १७२७ साली फ्रांके वारले तेव्हा त्या शाळांतून दोन हजारांवर मुलं शिकत होती. आपल्या देशाशीही या गावाचं नातं जुनं आहे. १७०६ साली तमिळ किनाऱ्यावर तरंगमबाडीला उतरलेले झीगेनबाल्ग हे हालेचे विद्यार्थी, आणि तमिळ नवा करार छापायला लागलेले खिळे पहिल्यांदा ओतले गेले ते हालेतच.

फ्रांकेंच्या पंथाला 'पिएटिस्ट' म्हणतात. हृदयात कळकळ हवी, नुसतं पुस्तकी ख्रिस्तीपण नको, असं त्यांचं म्हणणं. पण या कळकळीच्या माणसाने काय केलं ते पाहा. वेळापत्रकं केली, हिशेब ठेवले, शिक्षक घडवले. भक्ती एका बाजूला आणि वहीखातं दुसऱ्या बाजूला, असं त्यांच्याकडे नव्हतंच.

आता धागा पुढे. १८२५ साली हालेच्या विद्यापीठात एक उधळ्या विद्यार्थी आला. जन्म १८०५ चा, हाल्बरश्टाटजवळच्या क्रॉपनश्टेट गावचा. नाव ग्यॉर्ग म्युलर. एका मित्राबरोबर तो एका घरगुती प्रार्थनासभेला गेला आणि तिथे त्याचं मन पालटलं. काही काळ तो फ्रांकेंच्या अनाथाश्रमात गरीब विद्यार्थ्यांसाठी ठेवलेल्या मोफत खोलीतही राहिला. पुढे इंग्लंडला जाऊन ब्रिस्टलमध्ये स्थायिक झाला आणि जॉर्ज म्युलर या नावाने जगाला माहीत झाला. १८३५ साली फ्रांकेंचं चरित्र त्याच्या हाती आलं. ते वाचून त्याने ठरवलं, आपणही अनाथांसाठी घर काढायचं. १८३६ साली पहिलं घर भाड्याच्या जागेत सुरू झालं आणि १८७० पर्यंत ब्रिस्टलबाहेरच्या टेकडीवर पाच प्रचंड इमारती उभ्या राहिल्या. १८९८ साली म्युलर वारले तोवर दहा हजारांवर मुलं त्यांच्या छायेत वाढली होती.

म्युलर यांचा नेम असा होता, की माणसापुढे हात पसरायचा नाही, मागायचं ते देवाकडे. ऐकून वाटेल, मोठा भाबडा माणूस असला पाहिजे. पण त्यांची हिशेबाची शिस्त कडक होती. आलेलं दान बारीकसारीक असलं तरी नोंदायचं आणि दरवर्षी अहवाल छापायचा. प्रार्थना केली कधी आणि उत्तर आलं कधी, याचीसुद्धा नोंद. सकाळी कामाला लागण्याआधी बायबल वाचून मन प्रसन्न करून घ्यायचं, हा त्यांचा रोजचा पाठ होता. ते अनेक वर्षं चालू राहिलं म्हणून त्याचं मोल.

आता केडगाव. पुणे-दौंड लोहमार्गावर केडगाव स्टेशन लागतं, तिथे पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन आहे. रमाबाई (१८५८–१९२२) कोण होत्या हे मराठी वाचकाला नव्याने सांगायला नको. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी मुलीला संस्कृत शिकवलं, दुष्काळात आईवडील गेले, कलकत्त्याच्या पंडितांनी 'सरस्वती' ही पदवी दिली, लग्नानंतर दोन वर्षांतच वैधव्य आलं, १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा झाला, १८८९ साली मुंबईत शारदा सदन सुरू झालं. आपल्या आत्मकथनपर पुस्तिकेत आपल्याला बळ देणारी जी पुस्तकं त्यांनी सांगितली आहेत, त्यात जॉर्ज म्युलर यांच्या कार्याचं पुस्तक आहे. हालेच्या दानपेटीत पडलेल्या चार टालरांचा धागा ब्रिस्टलवरून असा थेट पुणे जिल्ह्यात येतो.

रमाबाईंच्या कळकळीची किंमत त्यांना मोजावी लागली, आणि इतरांनाही ती बोचली, हे लपवण्यात अर्थ नाही. त्या आपल्या खोलीत प्रार्थना करत तेव्हा दार उघडं असे आणि सदनातल्या काही मुली आपणहून येऊन बसू लागल्या. त्यावरून पुण्यात वादळ उठलं. १८९३ साली रानडे, भांडारकर यांच्यासारख्या हितचिंतकांनी सल्लागार मंडळ सोडलं आणि पालकांनी बऱ्याच मुली काढून नेल्या. या प्रकरणात कोण बरोबर यावर आजही दोन मतं असू शकतात, आणि आपल्या मंडळातही असतील. आमचा मुद्दा एवढाच, की त्या उघड्या दारामागे रोजचं काहीतरी चालू होतं. नसतं, तर उघड्या दाराला कुणी भ्यायलं नसतं.

१८९६–९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, निराधार मुली घेऊन आल्या. पुण्यात प्लेगचा कहर, म्हणून केडगावच्या शेतजमिनीवर बिऱ्हाड हललं. पुढच्या काही वर्षांत तिथे दीड-दोन हजार बायका-मुली राहू लागल्या. त्यांना शिकवायचं, जेवू घालायचं, नेसवायचं. विहिरी खणल्या, शेती केली, माग आले, तेलाचा घाणा आला, गाईम्हशी आल्या, छापखाना आला. आंधळ्या मुलींना ब्रेल शिकवलं गेलं. यातलं काहीही रविवारच्या भाषणाने होत नाही.

आणि कढ? तोही होता. १९०५ च्या सुरुवातीला रमाबाईंनी मुक्तीतल्या बायकांना रोज एकत्र प्रार्थना करण्याचं आवाहन केलं. सत्तरएक जणी पुढे आल्या आणि जूनपर्यंत हा आकडा साडेपाचशेवर गेला. त्या महिन्याच्या शेवटी तिथे जे घडलं त्याला 'मुक्तीतलं संजीवन' म्हणतात. शेकडो मुली एकाच वेळी मोठ्याने, रडत, तासन् तास प्रार्थना करू लागल्या. काही मिशनऱ्यांनाही ते रुचलं नाही. रमाबाईंनी त्या कढाला नुसतं उतू जाऊ दिलं नाही. त्यांनी टोळ्या करून मुलींना आसपासच्या गावांत सुवार्ता सांगायला पाठवलं, आणि बाकीच्यांचं शिक्षण व काम चालूच ठेवलं. त्या संजीवनाच्या आधी कित्येक महिने रोजची प्रार्थना चालली होती, हेही विसरून चालणार नाही. लोक जून लक्षात ठेवतात, आणि जानेवारी ते मे विसरतात.

रमाबाईंचं शेवटचं मोठं काम तर निव्वळ उद्योगाचं. संपूर्ण बायबल मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून मराठीत आणायचं, तेही अशा साध्या मराठीत की खेड्यातल्या बाईला वाचता यावं. संस्कृतची एवढी पंडिता, पण तिने जड शब्द बाजूला ठेवले. चाळिशी उलटल्यावर हिब्रू आणि ग्रीक शिकायला बसल्या. शेवटची पंधराहून अधिक वर्षं हे चाललं. खिळे जुळवण्याचं काम मुक्तीतल्या बायका करत. १९२१ साली एकुलती एक मुलगी मनोरमा गेली, तरी मुद्रितं तपासणं थांबलं नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या वारल्या. मुद्रितं तपासून पुरी होईपर्यंत आयुष्य मिळावं अशी प्रार्थना त्यांनी केली आणि काम संपल्यावरच त्या गेल्या, असं सांगतात. ते संपूर्ण बायबल १९२४ साली प्रसिद्ध झालं.

केडगावच्याच काळात, नगरच्या बाजूला रेव्हरंड नारायण वामन टिळक दुसऱ्या वाटेने हेच करत होते. १८९५ साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असं ते म्हणत. त्यांनी मराठी ख्रिस्ती मंडळीला इंग्रजी चालींच्या भाषांतरित गीतांऐवजी अभंग आणि भजनं दिली. ती आजही 'उपासना संगीत'मधून गायली जातात. त्यांचं 'ख्रिस्तायन' अपुरं राहिलं, आणि लग्नाच्या वेळी अक्षरओळखही नसलेल्या लक्ष्मीबाईंनी ते पुढे लिहीत नेलं. 'स्मृतिचित्रे' वाचलेल्यांना हे माहीत आहे, की टिळकांचा कढ कितीदा घरच्या पिठामिठावर आला आणि तो संसार लक्ष्मीबाईंच्या उद्योगाने कसा तरला. दोघं मिळून पौलाचं ते वचन पुरं झालं, असं आम्हाला वाटतं.

आता आपलं घर. जर्मनीतल्या मराठी माणसाकडे उद्योगाची वानवा नाही. ऑफिसात आपण वेळेवर, मुलांच्या शाळेत आपण हजर, कर विवरणपत्र आपलं सगळ्यांत आधी. ज्यांनी नोंदणीच्या वेळी आपलं चर्च लिहिलं, त्यांच्या पगारातून चर्चकरही बिनबोभाट कापला जातो. बव्हेरिया आणि बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये आयकराच्या आठ टक्के, इतरत्र नऊ. कर कापला गेला की कर्तव्य झालं, असं इथल्या कितीतरी लोकांना वाटत आलं आणि नंतर एक दिवस तेही नकोसं झालं. २०२२ या एका वर्षात एकट्या कॅथलिक चर्चमधून पाच लाखांहून अधिक लोकांनी नाव काढलं. ते सगळे देवावर रुसले होते असं नाही. बऱ्याच जणांच्या घरात ते नाव फक्त पगारपत्रकावर उरलं होतं.

आणि आपल्यापुढे एक मुदतही आहे. १९२१ च्या कायद्याप्रमाणे जर्मनीत मूल चौदा वर्षांचं झालं की आपला धर्म आपण ठरवू शकतं. आईबापांची सही लागत नाही. काही पालकांना हे ऐकून धडकी भरते. आम्हाला हा कायदा योग्य वाटतो, कारण जुलमाचा रामराम काय कामाचा? पण त्याचा अर्थ असा, की आपल्या हाती चौदा वर्षं आहेत. चौदा नाताळ आणि चौदा ईस्टर एवढ्यावर भागवायचं, की त्यांच्यामधले पाच हजार दिवसही धरायचे, हे आपण ठरवायचं आहे. चौदाव्या वर्षी मूल नाही म्हणालं तरी चालेल. पण ते कशाला नाही म्हणत आहे, हे त्याने घरात डोळ्यांनी पाहिलेलं असावं.

मग करायचं काय? फार मोठं नको. मोठं ठरवलं की दोन आठवड्यांत बंद पडतं, हा सगळ्यांचा अनुभव आहे.

पहिलं, दहा मिनिटं, ठरलेल्या वेळी, मराठीतून. मुलं जर्मनमधून प्रश्न विचारतील, विचारू द्यावेत. टिळकांचं एक भजन, एक छोटा उतारा, आणि घरातल्या धाकट्याने म्हटलेली प्रार्थना. आमच्या जर्मन शेजाऱ्यांत अजून काही घरांत न्याहारीच्या टेबलावर निळं छोटं पुस्तक असतं, 'लोझुंगेन'. हेर्नहूट या गावातून १७३१ पासून दरवर्षी ते छापलं जातं, प्रत्येक दिवसासाठी एक वचन. पावणेतीनशेहून अधिक वर्षांत युद्धं झाली, देश फुटला आणि जुळला, तरी ते निघतच राहिलं. दिवसाला एक वचन, एवढाच त्याचा पसारा.

दुसरं, दार उघडं ठेवावं. आपण प्रार्थना करतो ते मुलांना दिसावं, सांगावं मात्र लागू नये. आई कामावरून दमून आली तरी पाच मिनिटं शांत बसते, हे पाहिलेलं मूल पुष्कळ काही शिकतं.

तिसरं, त्या कढाला काहीतरी काम लावून द्यावं. १९९३ साली बर्लिनमध्ये पहिली 'टाफेल' निघाली, दुकानांत उरलेलं चांगलं अन्न गरजूंना वाटणारी. आज देशभर अशा नऊशेंहून अधिक आहेत आणि सगळीकडे हात कमी पडतात. महिन्यातून एक शनिवार मुलाला घेऊन तिथे भाज्या निवडायला जावं. वृद्धाश्रमात एखादी जर्मन आजी असते जिला भेटायला कुणी येत नाही, तिच्याकडे जावं. श्रद्धा म्हणजे काय हे त्या खोक्यांपाशी उभं राहून मुलांना जेवढं कळतं, तेवढं आपल्या उपदेशाने कळत नाही.

कढ आला नाही तर? काही दिवस येणारही नाही. फ्रांकेंना, म्युलरना, रमाबाईंनाही कोरडे दिवस होतेच. त्या दिवशी नुसता नेम पाळावा. लाकडं ओली असली तरी चुलीपाशी बसणं सोडू नये. आणि ज्या दिवशी कढ येईल त्या दिवशी लाजू नये. आपण मराठी माणसं भजनाला टाळ्या वाजवतो, डोळे मिटतो. इथल्या शिस्तशीर चर्चमध्ये ते वेगळं दिसेल, पण तेही आपण इथे आणलेलं धन आहे.

सवड मिळेल तेव्हा हालेला जाऊन यावं. कम्युनिस्ट राजवटीत त्या इमारतींची पडझड झाली होती आणि त्यांच्या तोंडाशी मोटारींचा उड्डाणपूल बांधला गेला. १९९० नंतर त्या पुन्हा उभ्या केल्या गेल्या आणि आता तिथे शाळाही चालतात, संग्रहालयही आहे. आणि भारतात गेलात की केडगावही पाहावं. मुक्ती मिशन आजही चालू आहे.

असो. पुढच्या अंकात भेटूच. तोवर ज्यांच्या घरी हे सुरू होईल त्यांनी दोन ओळी जरूर लिहाव्यात, आणि बंद पडलं तरी लिहाव्यात. पुन्हा सुरू कसं केलं, ते इतरांना उपयोगी पडेल.